भुंग्याचा तास

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याला वाकडे म्हणून काही खपत नसे. नाव त्याचे रेखसेन. त्याचे रस्ते सरळ, वाड्याचे सज्जे सरळ, मिशा तर अशा सरळ की दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावे. पानात भाताची मूद जरा कलली तरी वाढणाऱ्याच्या तोंडचे पाणी पळे. बाकी माणूस वाईट नव्हता. प्रजेला छळीत नसे, शेजारच्या राज्यावर डोळा ठेवीत नसे. हे एक वेड सोडले तर चांगलाच होता. पण वेड राजाला लागले की ते एकट्या राजापुरते राहत नाही.

एके दिवशी राजा नव्या मनोऱ्यावर चढला, राज्य न्याहाळू लागला, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. खाली शेते पसरली होती आणि शेतांमधून बांध गेले होते, ते सगळे वाकडे. एखादा दगड आड आला की बांध त्याला वळसा घाली, एखादे झाड आले की त्याच्या मागून जाई. वर निर्गुडी, बोरी, तरवड, रानतुळस यांची गर्दी. शिवाय त्या राज्यात एक रीत होती. नांगराच्या फाळाने जमिनीत ओळ पडते तिला तास म्हणतात. बांधालगतचा शेवटचा तास कोणी नांगरीत नसे. तिथे उगवेल ते उगवू द्यायचे, वठेल ते पडू द्यायचे. त्याला भुंग्याचा तास म्हणत. का म्हणत, हे कोणी विचारले नव्हते. आज्याने सोडला म्हणून बापाने सोडला, बापाने सोडला म्हणून लेकाने.

राजाने विचारले, या तासातून कोठारात काय येते? कोणालाच सांगता येईना. मग राजाने हुकूम काढला. बांध तासा, झुडपे उपटा, वठलेली खोडे जाळा, भुंग्याचा तास नांगरून टाका. दोन शेतांमध्ये सुतळीएवढी रेघ पुरे. लोकांनी थोडे डोके खाजवले आणि कुऱ्हाडी काढल्या. खरे सांगायचे तर पुष्कळांना बरेच वाटले. शेजाऱ्याचा बांध गुपचूप कोरण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या होत्या, त्यांना तर राजाचा शिक्काच मिळाला.

तिसऱ्या दिवशी दरबारात एक म्हातारी आली. तिचे नाव मोहळाई. ती चेटकीण होती. पण तिने कोणाचे वाईट केल्याचे ऐकिवात नव्हते, म्हणून तिला कोणी भीत नसे आणि विचारीतही नसे. अंगावर ठिगळांची गोधडी, आणि एकेका ठिगळाखालून फुलांवर बसणारी एकेक माशी ये-जा करीत होती.

"राजा," ती म्हणाली, "माझ्या माणसांनी आता राहायचे कुठे?"

"तुझी माणसे कोण?"

"पंखांची. कोणी मातीत राहते, कोणी लाकडात, कोणी फांदीला. सगळी बांधावर होती."

"डोंगरापलीकडे रान आहे. त्यांना तिकडे जायला सांग."

"त्यांचे पंख नखाएवढे, राजा. तेवढ्यावर रोज डोंगर ओलांडून तुझ्या शेतात यायचे?"

"मग माझा नाइलाज आहे," राजा म्हणाला.

म्हातारी रागावली नाही. तिने कमरेची चंची सोडली आणि तिचे तोंड उघडले. "जिथे माझ्या माणसांना थारा नाही, तिथे त्यांची गुणगुणही राहायची नाही. मी घेऊन जाते." राज्यातल्या साऱ्या माश्या आल्या आणि चंचीत गेल्या, मागून भुंगे गेले, शेवटी गुणगुण गेली. म्हातारीने दोरी ओढली, चंची कमरेला खोचली आणि ती चालू लागली. दरबारात एकदम फार शांत झाले. राजाला ती शांतता आवडली, हेही सांगून टाकले पाहिजे.

त्या वर्षी ज्वारी पिकली, बाजरी पिकली. त्यांचे वाऱ्यावर भागते. पण भोपळीला फूल येई, दोन दिवस डौलात डुले आणि देठासकट गळे. काकडी, दोडका, कलिंगड अंगठ्याएवढे होऊन पिवळे पडे. कारळ्याची बोंडे पोकळ निघाली, तेलाचे घाणे थांबले. भाकरी होती, भाकरीबरोबर खायला काही नव्हते. राजाने चाळीस माळी नेमले, प्रत्येकाच्या हाती मोराचे पीस दिले, आणि एका फुलावरचा पराग दुसऱ्या फुलाला लावायचा हुकूम केला. चाळीस माणसे पहाटेपासून वेलीवेलींतून ओणवी फिरत. हंगामाच्या शेवटी तीन भोपळे हाती आले, त्यातला एक वाकडा. माश्या हे काम हसत करीत होत्या आणि कोणाकडे पगार मागत नव्हत्या, असे माळी आपसांत बोलू लागले.

एवढ्यावर भागते तर ही कथा कोणी सांगितली नसती. गुणगुण गेली ती माणसांच्या गळ्यातूनही गेली. जात्यावर बसलेल्या बाईला ओवीचे शब्द आठवत, पण सूर लागत नसे; बाजारातून काय आणायचे ते सांगावे तशी ओवी तोंडातून निघे. सनईतून नुसती फुंकर येई. आणि दुसऱ्या श्रावणात राणी इंदुलेला मुलगी झाली.

राजाला फार वर्षांनी झालेले मूल ते. बाराव्या दिवशी बारशाला बायका जमल्या, पाळण्याची दोरी हाती घेतली आणि पाळणा म्हणू लागल्या. सूर नाही. नाव ठेवणे तसेच राहिले. पाळण्यावाचून नाव कोण ठेवणार? बाळ डोळे उघडून बघत राहिले. त्या दिवशी झोपले नाही, दुसऱ्या दिवशी झोपले नाही, पुढे कधीच झोपले नाही. रडत नव्हते, आजारी नव्हते. नुसते आपल्या काळ्याभोर डोळ्यांनी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचे, आता तरी कोणी काही म्हणेल म्हणून.

झोपेवाचून मूल वाढत नाही. हे तर वाढले नाहीच, उलट महिन्यामहिन्याला हलके होत गेले. आश्विनात ते कणसाएवढे भरले, कार्तिकात कापसाच्या बोंडाएवढे. राणी त्याला पदराने कमरेशी बांधून ठेवू लागली. राजवैद्यांनी नाडी पाहिली आणि मान खाली घातली. "हिला कोणी गाऊन झोपवले तर ही जगेल. नाहीतर वैशाखात वावटळी उठतात, त्यांत ही राहायची नाही."

राजाने मोहळाईला आणायला घोडेस्वार पाठवले. ते सरळ गेले आणि सरळ परत आले. तेव्हा राणी म्हणाली, "हुकमावर शिक्का आपला होता. आपणच जावे." राजाने मुलीकडे पाहिले. तिने त्याच्याकडे पाहिले. तो उठला आणि पायीच निघाला.

वेशीबाहेर एका वाळक्या फांदीवर एक वेडा राघू बसला होता. हिरवा, लांब चोचीचा आणि अगदी हडकुळा.

"राजा, मोहळाईचे घर मला ठाऊक आहे," पक्षी म्हणाला. "मी माश्या खातो. ज्यांना खायचे त्यांचे पत्ते पाठ ठेवावे लागतात."

"मग त्यांना परत आणायला तू का येतोस?"

"दोन वर्षे नाकतोड्यांवर काढली. माझ्या पोटाचा प्रश्न आहे. परोपकार समजू नकोस."

वाटेत तीन डोंगर होते. पहिल्यावर झाडे पाठमोरी उभी होती, दुसऱ्यावर सावल्या माणसांवाचून हिंडत होत्या, तिसऱ्यावर वाटच नव्हती. राजा आपल्या सवयीने नाकासमोर चाले, आणि दर वेळी पाहतो तो पुन्हा पायथ्याशी. तीन वेळा असे झाल्यावर राघू म्हणाला, इथे सरळ चालणारा परत येतो. मग राजा पक्ष्यामागून चालू लागला. दगडाला वळसा घातला, झाडामागून गेला, ओढ्याच्या काठाकाठाने वाकडा झाला, आणि संध्याकाळच्या आत पलीकडे पोचला.

पलीकडे माळ होता आणि माळावर एकच बांध उरला होता. तिथे मोहळाई गोधडीला ठिगळ लावीत बसली होती. कमरेची चंची थडथड उडत होती. राजा तिच्यापुढे वाकला. त्याची पाठ जन्मात पहिल्यांदा वाकली, म्हणून ती कडाडून वाजली.

"आई, माझी मुलगी झोपत नाही."

"माझी माणसे तरी कुठे निजली, राजा?" म्हातारी म्हणाली. मग तिने सुई खाली ठेवली. "तीन कामे कर. तुझ्या स्वतःच्या शेतावर, स्वतःच्या हाताने. पहिले, माझ्या माणसांना घर दे. दुसरे, बारा महिने रिकामे न होणारे ताट वाढ. तिसरे मी मागून सांगेन. तिन्ही पुरी झाली की या चंचीची गाठ आपोआप सुटेल."

तिने चंचीतून तिघींना सोडले. एक मातीत बीळ करून राहणारी, एक लाकूड कोरणारी, काळी आणि गलेलठ्ठ, एक फांदीला पोळे बांधणारी राणीमाशी. त्या राजाच्या खांद्यावर येऊन बसल्या. त्यांचे पंख हलत होते आणि आवाज येत नव्हता.

राजाचे शेत वाड्यासमोर नदीपर्यंत होते. त्याने दुसऱ्याच दिवशी पहिल्या कामाला हात घातला. संगमरवर आणला, स्वतः छिन्नी धरली, बोटांवर घाव घालून घेतले, आणि बांध होता त्या रेघेवर वीतभर उंचीचे तीन महाल उभे केले. घुमट, कमानी, दारावर तोरण, तिन्ही एका ओळीत. माश्यांनी एकेक चक्कर मारली आणि त्या परत राजाच्या खांद्यावर येऊन बसल्या.

शेजारी नदीच्या वाळूत चिमाबाईची कलिंगडाची वाडी होती. दोन वर्षे तिच्या वेलींना एक फळ धरले नव्हते, त्यामुळे तिला पाहायला वेळच वेळ होता. ती कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"म्हाराज, रागावू नगा," ती म्हणाली. "पन ह्ये घर न्हवं, द्येव्हारं हाय. दगडात बीळ कोन करनार?"

"मग घर कसे असते, बाई?"

चिमाबाईने दाखवले. उन्हाकडे तोंड केलेली थोडी उघडी माती, ना खणलेली ना सारवलेली. एक वठलेले आंब्याचे खोड. नदीकाठच्या पोकळ बोरूची एक मोळी. आणि बोरी-निर्गुडीची चांगली दाट जाळी, आत वारा लागू नये अशी. जाळी चिमाबाईने तोडू दिली नव्हती; राजाच्या माणसांना ती शेणाची पाटी घेऊन आडवी गेली होती, म्हणून बांधाचे तेवढे एक टोक शिल्लक होते. खोड मात्र राजाला स्वतःच्या खांद्यावर आणावे लागले, आणि त्यातल्या वाळव्या त्याच्या अंगरख्यात उतरल्या. राजा शेतात उड्या मारीत असताना पहिली माशी मातीत शिरली, दुसरीने खोडाला तोंड लावले, तिसरी जाळीत दिसेनाशी झाली.

"एवढेच होते?" राजाने विचारले.

"येवढंच. पन तुमच्या मानसांनी त्येवढंच जाळलं."

पहिले काम झाले.

दुसऱ्या कामाला राजाने वाड्याची बाग रिकामी केली. शंभर पाकळ्यांचे गुलाब, पाकळीवर पाकळी चढवलेले भरगच्च झेंडू, सगळे स्वतः खणून आणून रांगेत लावले. माश्या आल्या, पाकळ्यांच्या पाकळ्या उलगडीत आत गेल्या आणि हात हलवीत बाहेर आल्या. फुलाला रूप होते, पण पोटात पराग नव्हता की मध नव्हता.

"ताटाला नक्षी फार," राघू म्हणाला. "वाढलेले काही दिसत नाही."

तेव्हा चिमाबाईने घरातून एक गाडगे आणले. आत राख होती आणि राखेत बिया होत्या. बांध तासले त्या दिवसांत जिकडेतिकडे बी सांडले होते. ते पायदळी जाताना तिला पाहवेना, म्हणून तिने ओचा भरभरून गोळा केले होते. त्या राज्यात बियांचा एक स्वभाव होता. जी बी तिचा महिना विचारून पेरावी, ती अडीच दिवसांत भरास येई आणि आपला महिना आला की फुले. न विचारता पेरली तर ती आपल्या चालीने येई, वर्षे लागोत की तपे. विचारण्याचा रिवाज मात्र लोक विसरून गेले होते.

राजा मातीत उकिडवा बसला. एकेक बी तळहातावर घेऊन कानाशी नेऊ लागला. तेरडा फार उतावळा, विचारण्याआधीच "श्रावण, श्रावण" करू लागला. सोनकीने लाजत भाद्रपद सांगितला. बाभळीची बी ताठ. तिला तीनदा विचारावे लागले, तेव्हा "ज्येष्ठ" म्हणाली, तेही उपकार केल्यासारखे. बोर म्हणाली, कार्तिक माझा, आणि वर फळे देईन ती वेगळी. पांगाऱ्याने फाल्गुन घेतला, कडुनिंबाने चैत्र, करंजाने वैशाख. असे करता करता पौष राहिला. पौष कोणी घेईना. थंडीचे कोण फुलणार? गाडग्याच्या तळाशी तुरीचा दाणा होता, तो हळूच बोलला, "मी फुलेन. पण मी शेतातली, बांधावरच्या मला आपल्यात घेतील का?" राजा म्हणाला, घेतील, मी सांगतो. आणि राजाने खरेच बाकीच्या बियांना तसे सांगितले.

पेरताना त्याने सुतळी लावली होती, सवय जाते कुठे? पण अडीच दिवसांनी पाहतो तर कोणी रेघेच्या अलीकडे, कोणी पलीकडे, करंज तर भलतीकडेच. राजाने सुतळी गुंडाळून खिशात घातली. मार्गशीर्षात रानतुळस फुलली, पौषात तूर, माघात शेवगा पांढरा झाला. तिघी माश्यांच्या तीनशे झाल्या, सगळ्या मुक्या. चिमाबाईच्या वाडीत दोन वर्षांनी पहिले कलिंगड धरले तेव्हा ती बाई वेलीजवळ बसून रडली आणि मग उठून राजाला दाखवायला धावत गेली.

त्याच सुमारास मोहळाई बांधावर येऊन उभी राहिली. तिने घरे पाहिली, ताट पाहिले. "आता तिसरे. बांधालगतचा शेवटचा तास सोड. वैशाख सरेपर्यंत तिथली एक काडी मोडायची नाही, एक फांदी सरळ करायची नाही. तू नाही, तुझ्या माणसांनी नाही."

"आणि?"

"आणि काही नाही."

राजाला हसू आले. काहीच न करणे यात काम ते कसले? चिमाबाई हसली नाही. तिला राजा चांगला ठाऊक झाला होता.

चारच दिवसांत राजाच्या नाकी नऊ आले. बोरीची एक फांदी वाटेवर नेमकी मिशीच्या उंचीवर आडवी आली होती. रोज येता-जाता ती त्याची मिशी ओढी. पाचोळा साचला. गवत वाळून आडवे झाले. कोळ्याने जाळे विणले, तेही तिरपे. राजा हात पाठीमागे बांधून फेऱ्या घाली, बोटे शिवशिवत, मग तो हातांवरच बसून राही. राणीने एकदा पाहिले, राजा बोरीच्या फांदीला हळू आवाजात समजावून सांगत होता. पण फाल्गुनात पांगारा लाल झाला, चैत्रात कडुनिंबाचा वास वाड्यात शिरला, आणि एके दिवशी राजाच्या ध्यानात आले की आपण फांदीखालून आपसूक वाकून जातो. ती वाकडी आहे हे आज मनातच आले नाही.

इकडे मूल हलके होतच होते. चैत्राच्या शेवटी पदराची गाठ सैल झाली तर ते पाळण्यावर हातभर तरंगताना दिसले. राणीने गाठी दुप्पट केल्या. वैशाख लागला. एकेक दिवस राणी बोटांवर मोजी आणि आभाळाकडे बघे.

वैशाखाचा शेवटचा दिवस उजाडला. करंज फुलांनी वाकला होता, खाली पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा सडा पडला होता. ऐन दुपारी राणी मुलीला घेऊन शेतात आली. राजाला सांगायचे होते की आता आजचाच काय तो दिवस उरला. तेवढ्यात नदीकडून वावटळ उठली. धूळ, पाचोळा, चिंध्या गरगरत आल्या. राणीच्या पदराची पहिली गाठ सुटली, दुसरी सुटली, शेवटची फाटली, आणि मूल हवेत गेले.

राजा धावला. मूल पिसासारखे वर चालले होते, शेतावरून, वाडीवरून, नदीकडे. आणि वावटळ बांधाच्या वळणावर आली तेव्हा दाट जाळीतून वर आलेल्या बोरीच्या फांदीने, त्याच त्या मिशी ओढणाऱ्या फांदीने, मुलीचे दुपटे धरले. सरळ रेघेवर तिला धरायला कोणी नसते. फांदी वाऱ्याने वाकली, मुलीला घेऊन जाळीच्या आत खोल गेली, आणि वावटळ रिकामीच नदीपार निघून गेली.

शिपाई कोयते घेऊन पोचले. जाळी काट्यांची, वाट नाही. दोन घाव घातले असते तर मूल हाती आले असते. आणि दोन घाव घातले असते तर सहा महिन्यांचे काम वाया गेले असते, चंची बंदच राहिली असती, मूल आज वाचून उद्याच्या वाऱ्यात गेले असते. राणी राजाकडे बघत होती. सगळे राजाकडे बघत होते.

"कोयते खाली ठेवा," राजा म्हणाला.

मग त्याने मुकुट काढून बोरीला अडकवला, अंगरखा काढला, आणि तो मातीवर पालथा पडला. कोल्ह्या-सशांनी जाळीखालून वाट केलेली असते, वाकडीतिकडी, तिच्यातून राजा रेखसेन पोटावर सरपटत आत शिरला. काट्याने पाठ ओरबाडली, तो थांबला, काटा दोन बोटांनी सोडवला, पुढे सरकला. एक काडी मोडली नाही. मिशीचे एक टोक आत कुठेतरी राहिले, ते त्याला मागून कळले.

आत गार होते. मूल पाचोळ्यावर दुपट्यात अडकून पडले होते, आणि त्याच्याकडे बघत होते. राजाने तिला छातीशी धरले, दोन्ही हातांनी, आणि तसाच कुशीवर पडून राहिला, कारण तिथे वळायलाही जागा नव्हती. त्याचे डोळे भरून आले. त्याला त्या क्षणी आणखी काही नको होते.

बाहेर मोहळाई येऊन उभी होती. सूर्य माथ्यावरून ढळला, वैशाखाची शेवटची तिथी सरली, आणि तिच्या कमरेच्या चंचीची गाठ आपोआप सुटली.

आधी राजाच्या कानाशी एक माशी वाजली. मग पोळे वाजू लागले. मग वठलेल्या खोडातला भुंगा घुमला, करंज सगळा घुमू लागला, आणि ते बांधाबांधाने पसरत गेले. आणि राजाच्या गळ्यात, जिथून आजवर फक्त हुकूम निघाले होते, काहीतरी थरथरले. त्याला पाळणा येत नव्हता. शब्द एकही ठाऊक नव्हता. तो नुसता गुणगुणला, बेसूर, चढउतारांचा काही मेळ नसलेला, पार वाकडा सूर. मुलीने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले. तिची एक पापणी मिटली, मग दुसरी, आणि ती झोपली.

राजा हलला नाही. ती झोपली होती ना! मागून राणी त्याच वाटेने सरपटत आली आणि मुलीच्या पलीकडे आडवी झाली. बाहेर दरबार उन्हात उभा होता, कोणी ब्र काढला नाही. संध्याकाळी मूल जागे झाले आणि भुकेने असे कडाडून रडले की नदीपलीकडे ऐकू गेले. राजाने तिला उचलले तर हाताला जड लागली, चांगली कोहळ्यासारखी.

दुसऱ्या दिवशी बारसे झाले, पाळणा सुरात म्हटला, नाव ठेवले गुंजा. चिमाबाईने कलिंगडे पाठवली, ती सव्वाशे जणांना पुरली. राजाने नवा हुकूम काढला नाही, तो एवढेच म्हणाला, ज्याला यायचे त्याने माझे शेत बघून जावे. लोक आले, गाडग्यातले बी ओंजळ-ओंजळ घेऊन गेले. ज्याने बांध राखला त्याच्या घरी ओवी परत आली. काही घरे अडून बसली, ती पुढचे वर्षभर ओव्या वाचून दाखवीत राहिली आणि मग आपणहून कुदळ घेऊन निघाली. आणि कोणी पोराने विचारले, हा तास का सोडायचा, तर आता बापाला सांगता येई.

वेड्या राघूने त्या पहिल्या दिवशी, सगळा बांध घुमत असताना, चोच घट्ट मिटून ठेवली. एक दिवसाची रीत पाळली म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने राजासमोरच एक माशी टिपली. राजाने भुवया चढवल्या. "मी वेशीवरच सांगितले होते," राघू म्हणाला, आणि त्याने दुसरी टिपली. पोळ्यात हजारो होत्या, त्यामुळे भांडण वाढले नाही.

मुकुट बोरीवरच राहिला. काढायला जावे तर फांदी मोडेल, आणि आत एका कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. राजाने डोक्याला साधे मुंडासे गुंडाळले. ते एका बाजूला कललेले असे आणि कोणी सांगितले तरी तो सरळ करीत नसे. ही कथा बांधावर ऐकली, बांधावरच सांगितली. ऐकणाऱ्याच्या वेलीला फळ धरो, आणि त्याच्या घरच्या लेकराला दुपारची झोप लागो.